पंचमीचा मुराळी

वसमतच्या स्टँडवर जवळा बाजारच्या गाडीची वाट बघून बघून शालूबाई कंटाळून गेली होती. शेजारी एक बाई लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. तेवढ्यात भाड्याच्या जीपमधून एक गडी पाण्याची बाटली घ्यायला उतरला, आणि त्या बाईनं त्याला जागीच गाठलं. शालूबाईचे कान आपोआप तिकडं वळले.

“भागवत! कुठं निघालास रे?”

“पुनमताई, तू इथं? हैदराबादला चाललो, विमानतळावर. आपली धाकटी बहीण अंजली पंचमीला सिंगापूरहून येऊन राहिली.”

“अन् मी पंचमीलाच डोंगरकड्याहून येऊन राहिले. मला न्यायला मुराळी काहून न्हाई आला?”

“तू जवळ हाईस, ताई. ती तीन हजार किलोमीटरवरून येती.”

“किती घंटे लागतेत विमानाला?”

“साडेचार.”

“बसून?”

“बसूनच. जेवणबी देतेत.”

“मी सकाळीच निघाले. लेकराला घेऊन उभ्यानं आले, अन् पुढची गाडी अजून न्हाई. सासू म्हणती, तुझ्या माहेरी माणसं हाईत का न्हाई? काय सांगू तिला?”

“चिडू नको. चल, तुला जीपनं घरी सोडतो, मंग जातो.”

“वाटंत घावले म्हणून नेतोस व्हय? मी माघारी चालले. मुराळी होऊन दारात ये, तवाच येईन.”

“अन् मायला काय सांगू?”

डोंगरकड्याची गाडी समोरच लागली होती. पुनम लेकरू घेऊन पायरी चढली. शालूबाईनं तिची पिशवी वर दिली, तशी पुनम भागवतकडं वळून म्हणाली,

“सांग, पोरगी लई दूर दिली म्हणून.”