घोड्याच्या पायाशी

ओब्दुलिया : टेबलावरची चादर नको म्हणता, मग काय घालू? माझा झगा?

फादर फ्रोइलान : अहो, मूर्तीतल्या घोड्याच्या पायांना पांढरं कापड गुंडाळलं तर तो दवाखान्यातून सुटून आल्यासारखा दिसेल. लोक हसतील.

ओब्दुलिया : हसू देत. हसणं परवडलं. उद्या संत सान्तियागोची पालखी निघायची आणि गारांनी अंगणातल्या सगळ्या डालिया आडव्या केल्या. फुलवालीला फोन केला, तर तिची फुलं लग्नाला गेलेली. आता घोड्याच्या पायाखालची ही तीन डोकी अशी उघडी. तो मधला बघा, डोळे मिटायलाही वेळ मिळाला नाही त्याला.

फादर फ्रोइलान : लाकूड आहे, ओब्दुलियाबाई.

ओब्दुलिया : लाकूड आहे ते मला सांगू नका, धूळ मी पुसते. पण कुणाची डोकी? मुसलमानांची, पगड्यांसकट. वर घोड्यावर आपला संत तलवार उगारून. आणि पालखीचा पुढचा दांडा कुणाच्या खांद्यावर? आपल्या लार्बीच्या, तोही मुसलमान.

फादर फ्रोइलान : तेओफिलोला विचारलंत का?

ओब्दुलिया : तेओफिलोचा गुडघा गेला म्हणून तर लार्बीला आणलं. तुम्ही नवीन आहात, चार गावांत मिळून एक फादर, तुम्हाला काय ठाऊक. पोरं सगळी माद्रिदला. मेंढरांमागे फिरणारा तो एकटाच काय तो धड खांद्याचा. नाही म्हणाला नाही कधी. त्या वर्षापासून मी ही डोकी फुलांत पुरते. त्याला अजून पत्ता नाही.

फादर फ्रोइलान : मग उद्या मागच्या दांड्याला घेऊ त्याला. मागून नुसती शेपटी दिसते.

ओब्दुलिया : आणि त्याचा बाप? म्हातारा मोरोक्कोहून बसने हाडं खिळखिळी करून घेत आलाय. कशाला, तर गावानं मुलाला मान दिला तो बघायला. चौकात पहिल्या रांगेत खुर्ची आहे त्याची. काल माझ्याकडे जेवला. डुकराची चरबी न लागलेला तवा मागायला मला गावभर फिरावं लागलं. लार्बी पुढे चालतो म्हणून सांगितलं तर म्हाताऱ्याचे डोळे भरले. त्याच्यासमोरून मी ही तीन मुंडकी नेऊ?

फादर फ्रोइलान : हे बघा, ते फार जुनं आहे. आपल्या राजांच्या मुसलमानांशी लढाया, जमिनीची भांडणं. त्याचं ओझं चर्चनं किती दिवस वाहायचं?

ओब्दुलिया : राजाचा पुतळा असता तर चौकात असता, कबुतरांनी त्याची काळजी घेतली असती. हा इथं आत आहे. याच्यापुढे मी मेणबत्ती लावते. आत कुणी आणला? राजानं?

फादर फ्रोइलान : नाही. आपणच.

ओब्दुलिया : आणि लढायला निघालेल्यांना, जा, तुमची पापं धुतली जातील, असं कोण म्हणालं?

फादर फ्रोइलान : तेही आपणच. अगदी वरपासून, पोपपासून.

ओब्दुलिया : मग झालं तर. तुम्ही पुस्तकात वाचलंत, माझ्या तर हातानं झालंय. या मुंडक्यांच्या गळ्यापाशी लाल रंग आहे ना? तो उडतो. आई दर सणाला नवा द्यायची. तिच्यानंतर मी दिला. रक्त जुनं दिसू नये म्हणून. तेव्हा काही वाटलं नाही हो. देवाचं काम म्हणून जीव लावून करायचे.

फादर फ्रोइलान : आणि गंमत बघा, ओब्दुलियाबाई. हा सान्तियागो येशूचा शिष्य, मासे धरणारा. जन्मात घोड्यावर बसला नसेल. शेवटी त्याच्या काळच्या राजानं त्यालाच तलवारीनं मारलं. बायबलात आहे. आणि आपण त्याच्याच हातात तलवार दिली.

(लार्बी दारातून आत येतो. कडेवर पिवळ्या फुलांचा ओला भारा.)

लार्बी : त्यालाही मारलं? तलवारीनं?

ओब्दुलिया : अरे, तू कधी आलास? बाहेर थांब, इथं पुसायचं चाललंय. पाय घसरेल.

लार्बी : बाजूला होऊ नका, मावशी. तुमच्या झग्यामागे दोनच मावतात, तिसरा दिसतोय.

ओब्दुलिया : तुला ठाऊक होतं?

लार्बी : पहिल्या वर्षापासून. वळणावर पालखी टेकवतो तेव्हा मी खाली वाकतो, तुमची फुलं बाजूला सरतात. मधला माझ्या मामासारखा दिसतो. तसाच रागीट.

ओब्दुलिया : आणि तरी खांदा दिलास?

लार्बी : मी आलो तेव्हा या गावात मला नावानं हाक मारणाऱ्या तुम्ही एकट्या. तुम्ही विचारलंत, मी दिला. राग यायचा. मग घरी गेलं की तुम्ही पाठवलेलं सूप असायचं. राग करायचा तरी कुणावर? तुम्ही इतक्या मायेनं झाकत होतात, म्हटलं, आपणही न बघितल्यासारखं करू.

फादर फ्रोइलान : हा भारा?

लार्बी : रानबडीशेप. डोंगरापलीकडे गारा पडल्या नाहीत. गावातल्या डालिया गेल्या म्हणून कळलं, मेंढरं सोडली आणि पहिलं हे कापलं. बा खुर्चीत बसणार. मला चालतं ते त्यांना चालेल असं नाही. झाका, मावशी. गच्च झाका या वर्षी.

ओब्दुलिया : आण इकडे.

फादर फ्रोइलान : थांबा. लार्बी, मला हे बरं वाटत नाही. उद्या निघण्याआधी मी पायरीवर उभा राहून सगळ्यांसमोर सांगतो, हे आपल्या धर्माच्या नावानं झालं आणि आपण ते मिरवलं. ओब्दुलियाबाई आत्ता जे म्हणाल्या तेच.

लार्बी : तुम्ही स्पॅनिशमध्ये सांगणार, फादर. बांना काय कळणार? लोक मान खाली घालतील, मग वाजंत्री सुरू होतील. सगळ्यांसमोर बोलणं सोपं असतं.

फादर फ्रोइलान : मग काय करू?

लार्बी : बा घरी आहेत. चहा टाकलाय. चला, त्यांना एकट्यांना सांगा. मी आमच्या भाषेत शब्दाला शब्द सांगेन त्यांना, एकही गाळणार नाही.

फादर फ्रोइलान : आत्ता?

लार्बी : आत्ता. उद्या खुर्चीत बसल्यावर नको.

फादर फ्रोइलान : आणि ते रागावले तर? उठून परत जातो म्हणाले तर?

लार्बी : तर मी त्यांना बसस्टँडवर सोडीन आणि उद्या तुम्ही दांड्याला दुसरा खांदा शोधाल. बांना हे बघायचं नसेल तर मीही वाहणार नाही. इतकी वर्षं या डोक्यांबद्दल कुणी विचारलं नव्हतं, म्हणून प्रश्नच नव्हता.

ओब्दुलिया : एकटे फादर नकोत. ते पुस्तकातलं सांगतील, आणि म्हाताऱ्याला झोप लागेल. रंगाचं मी सांगते.

लार्बी : सांगाल तुम्ही?

ओब्दुलिया : माझ्या घरी जेवलाय तो. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. थांब, हात धुते.

फादर फ्रोइलान : लार्बी, मगाशी दारात तू विचारलंस. हो, त्यालाही तलवारीनंच मारलं.

लार्बी : मग तो वर काय करतोय? त्याची जागा खाली आहे, या तिघांजवळ.

फादर फ्रोइलान : हे बांना सांगू?

लार्बी : हे पहिलं सांगा.

ओब्दुलिया : चला, निघाले मी. आणि ही फुलं? लावून जाऊ की तशीच ठेवू?

लार्बी : पाण्यात ठेवा, मावशी. बा काय म्हणतात ते बघू.