होऊ घातलेल्या व्याह्यांचं कार्ड

जावेद : म्हंजे मी काय बघितलंच न्हाई, असं समजू?

हितेश : समज.

जावेद : तिसऱ्या होलला पायानं चेंडू सरकवला, तेबी न्हाई?

हितेश : ढेकूळ होतं तिथं. ढेकळातनं काढला असंल.

जावेद : ढेकळं हायेत म्हणूनच त्याला रान म्हणत्यात, हितेशभाऊ. मी अकरा वर्षं दुबईला गोल्फच्या मैदानावर गवत कापायची मशिनं सांभाळली. लई बड्या बड्या लोकांचे पाय चालताना बघितले. पण असा नाजूक पाय न्हाई बघितला राव. पायाला जणू डोळंच हायेत.

हितेश : हळू बोल. घाणेरीत शिरलेत, बहिरे नाय झाले.

(नारायणगावच्या बाहेर, टोमॅटो काढून मोकळं झालेलं हितेशशेठचं पाच एकर रान. रविवारची सकाळ. जमिनीत चार इंची पायपाचे नऊ तुकडे पुरलेत, प्रत्येकात बांबू आणि कांद्याच्या गोणीचा झेंडा. हेच गोल्फचे नऊ होल, कमी फटक्यांत संपवील तो जिंकला. हितेशशेठच्या मुलीचे, चेतनाचे, होऊ घातलेले सासरे, पुण्याचे सुवालालजी, सहाव्या होलचा चेंडू शोधायला घाणेरीच्या झुडपात गेलेत. फटक्यांचं कार्ड लिहायला चेतना त्यांच्या मागे.)

जावेद : पायपा मी पुरल्या, झेंडे मी लावले, आन आज मलाच खेळायची बंदी.

हितेश : तुला हरता येत नाय, म्हणून. तू सुवालालजींना हरवशील आणि वर हसशील.

जावेद : आन तुमाला येतंय?

हितेश : शिकतोय. हे बघ जावेद, पोरीला पोरगा पसंत आहे. संयम तीनदा येऊन गेला, त्यालाही पोरगी पसंत आहे. पत्रिका जुळली. राहिलं कोण? हे. हे म्हणाले, होकार कळवायच्या आधी एक राऊंड खेळू, माणूस मैदानावर कळतो. नीलमनं सकाळी चहा देतानाच बजावलंय, जिंकून घरी आलात तर पोहे मिळायचे नायत.

जावेद : वैनी बरोबर बोलली. मुलीच्या बापानं मान खाली घालावी. पण मान खाली घातल्यावर पायच दिसत्यात, त्याला काय करता?

हितेश : गप. आले बघ.

सुवालाल : मिळाला, हितेशजी! अगदी मोकळ्यावर पडला होता. नशीब म्हणतात ते हेच.

हितेश : वा. नशीबच. इथले चेंडू सहसा मोकळ्यावर येत नाहीत.

सुवालाल : नजर लागते. जवळचं मला चष्म्याशिवाय अक्षर दिसत नाही, पण लांबचं विचारा. शंभर पावलांवरचा कावळा कुठं बघतोय ते सांगेन. चष्मा मेला गाडीत राहिला. म्हणून तर जावेदभाईंना फोन धरायला लावलाय. काय म्हणतोय आपला इंदूरचा पोरगा?

जावेद : पयलाच हाय आजून. तीन होल राहिलेत. जपानचा येक मागं हाय, येका फटक्यानं.

सुवालाल : पंचवीस वर्षांचा आहे तो. घरात कुणी गोल्फचं नाव ऐकलं नव्हतं. आज जपानात जाऊन मोठी टूर्नामेंट जिंकतोय. बेटा, सहाव्याचे माझे चार लिही.

चेतना : चार म्हणालात ना, काका?

सुवालाल : चारच. संयम असता तर विचारलंही नसतं त्यानं. लहानपणापासून माझं कार्ड तोच लिहायचा. काय हात होता त्याचा, वळणदार अक्षर. मग गुडघा धरला त्याचा आणि मैदान सुटलं. दर रविवारी मला चुटपुट लागते, तुम्हाला सांगतो. मुलगा बरोबर नसला की खेळात मजा नाही.

हितेश : येईल की परत. गुडघ्यावर नारायणगावात एक चांगला माणूस आहे.

सुवालाल : बघा, आता सातवा. हा माझा आवडता. इथं नुसता वारा ओळखायचा आणि... अं. ही स्टिक सरावाची फिरवली.

जावेद : व्हय. सरावाची. चेंडूला म्हाईत व्हतं, म्हणून जागचा हालला न्हाई.

हितेश : जावेद, तिकडं जाऊन झेंडा धर बरं.

जावेद : धरतो. पण फोन काय म्हणतोय ते ऐका आदी. सायेब, तुमच्या इंदूरच्या पोराचं काय तरी झालंय. समदे थांबलेत. त्यो हात वर करून पंचाला बोलवतोय.

सुवालाल : काय झालं? सांगा, सांगा.

जावेद : हा इंग्लिश बोलणारा म्हणतोय, चेंडू गवतात व्हता. पोरगा त्याच्या बाजूचं वाळकं पान काढाय गेला तर चेंडू जरासा हालला. कॅमेऱ्यात आलं न्हाई, पंचानं बघितलं न्हाई, कुणीच बघितलं न्हाई. त्यानंच बोलावून सांगितलं, माझ्या हातनं हालला. येक फटका स्वताच्याच अंगावर घेतला.

सुवालाल : बघा. बघा हितेशजी. अंगावर काटा आला माझ्या. याला म्हणतात संस्कार! हा एकच खेळ जगात असा आहे, की ज्यात चोर आणि शिपाई एकच माणूस असतो. बेटा चेतना, हे लक्षात ठेव आणि शाळेत मुलांना सांग.

चेतना : सांगते, काका. जुन्नरला आठवीचा वर्ग आहे माझा. त्यांना नक्की सांगते.

सुवालाल : आमच्या घराचाही हाच नियम. तुला आमच्याकडं आल्यावर कळेल. संयमला मी पहिल्या दिवसापासून हेच शिकवलं, हरलास तरी चालेल, पण आकडा खरा सांग. सातव्याचे पाच लिही.

चेतना : पाच म्हणालात.

हितेश : चला, आठव्याला. ऊन चढायच्या आत संपवू.

सुवालाल : हा माझा किती राहिला? दोन फूट? हा तर पडलाच म्हणायचा. उचलतो. आता तुमचा, हितेशजी. दीड फूट आहे. डोळे मिटून जाईल.

हितेश : अरेरे.

जावेद : गेला की बाहेर. पार पायपाला वळसा घालून गेला.

हितेश : आज हातच चालत नाही बघा, सुवालालजी. तुमच्यासारखा माणूस समोर असला की दडपण येतं.

सुवालाल : होतं असं. सुरुवातीला माझंही व्हायचं.

जावेद : माझंबी आत्ताच व्हायला लागलंय.

हितेश : जावेद, मी तुला झेंड्याकडं जा म्हणालो होतो.

सुवालाल : झालं, नववाही झाला. उत्तम मैदान आहे, जावेदभाई, खरं सांगतो. पुण्यात आम्ही हिरव्या गालिच्यावर चालतो, पण माणसाची खरी परीक्षा अशा उघड्या जमिनीवरच होते. बेटा, कार्ड आण, सही करतो. माझे एकूण एकोणचाळीस ना?

चेतना : बघा ना, काका.

सुवालाल : अगं, चष्मा नाही का गाडीत. हितेशजी, तुम्ही वाचा. मोठ्यानं वाचा, जावेदभाईंनाही ऐकू दे.

हितेश : वाचायचं काय त्यात. तुम्ही म्हणता ते बरोबरच असणार.

सुवालाल : नाही, नाही. नियम म्हणजे नियम.

हितेश : बरं. पहिला, चार. दुसरा, पाच. तिसरा... ऊन पडलंय कार्डावर, नीट दिसंना.

चेतना : सावली करू, पप्पा?

हितेश : चेतना, तुला ठाऊक आहे ना तू काय लिहिलंयस ते? आणि कुणासाठी हे सगळं चाललंय तेही?

चेतना : माझ्यासाठी चाललंय. म्हणूनच लिहिलंय. वाचा.

हितेश : तिसरा, पाच.

सुवालाल : चार.

हितेश : पाच लिहिलेत. चौथा, चार. पाचवा, चार. सहावा, सहा. सातवा, सहा. आठवा, पाच. नववा, पाच. एकूण... सुवालालजी, एकूण चव्वेचाळीस आहेत इथं.

सुवालाल : हे मोजलं कुणी?

चेतना : मी, काका. तिसऱ्याला पायाचा एक. सहाव्याला घाणेरीत एक मारलात तो झुडपालाच लागला, आणि मग चेंडू हातानं बाहेर टाकलात, त्याचा एक. सातव्याला स्टिक नुसती हवेत फिरली, तो एक. आठव्याला न मारता उचललात, तो एक. पाच होतात. पेपर तपासायची सवय आहे, अर्धा मार्कही सोडवत नाही.

हितेश : पोर आहे ती. मनावर घेऊ नका. मी सांगतो तिला, दुसरं कार्ड लिहील. घरी चला, नीलम वाट बघत असेल.

सुवालाल : संयम कार्ड लिहायचा तेव्हा असं कधीच झालं नाही.

चेतना : माहीत आहे. त्यानंच सांगितलं मला. बारा वर्षांचा असल्यापासून तुम्ही सांगाल ते लिहीत होता. मग लिहवेना, म्हणून यायचं सोडलं त्यानं.

सुवालाल : गुडघा. गुडघ्यामुळं सोडलं त्यानं.

चेतना : गुडघा चांगला आहे त्याचा. मागच्या महिन्यात आम्ही दोघं शिवनेरी चढून आलो. माझ्या आधी वर पोचला तो.

हितेश : संपलं. जावेद, संपलं रे सगळं.

सुवालाल : जरा थांबा, हितेशजी. जावेदभाई, जपानचं काय झालं?

जावेद : संपली मगाशीच. मला वाटलं, आत्ता नको सांगायला. हारला.

सुवालाल : किती फटक्यांनी?

जावेद : येका.

सुवालाल : म्हणजे त्याच एका.

जावेद : त्योच म्हणायचा. न्हाईतर बरूबरी व्हती.

सुवालाल : किती वाईट वाटत असेल त्याला आता. मी मगाशी नुसतंच वा वा केलं, हे मनातच आलं नाही. पेन दे, बेटा. सही कुठं करायची, बोट ठेव.

चेतना : इथं.

सुवालाल : झाली. चव्वेचाळीस. आता तुमची सही, हितेशजी.

हितेश : माझे बावन्न. करतो. काही का असेना, जिंकलात तुम्हीच.

सुवालाल : आठव्याला दीड फूट होता तुमचा चेंडू.

हितेश : हो. चुकला.

सुवालाल : मला जवळचं दिसत नाही, लांबचं दिसतं, हे सांगितलं होतं तुम्हाला. कानानंही ऐकू येतं. तुम्ही आधी अरेरे म्हणालात, फटका नंतर मारलात.

जावेद : हे मातर मीबी ऐकलं.

सुवालाल : मी पाच लपवले. तुम्ही किती वाढवून घेतलेत?

हितेश : मोजले नाहीत. आठ, दहा असतील. मुलीचा बाप आहे मी, सुवालालजी. दुसरं काय करणार होतो? तुम्हाला राग आला असता तर पोरगी जन्मभर मला काही बोलली नसती, पण मला ते दिसलं असतं.

सुवालाल : माझ्या खोट्याला निदान रकाना आहे. यांचं कुठं लिहायचं, बेटा?

चेतना : त्याला रकाना नाही, काका. पण पप्पा, तुम्हाला सांगते. काकांचा मला राग आला होता. तुमचं मात्र वाईट वाटलं. तुम्ही असे मुद्दाम हरताना बघितल्यावर मी कुठल्या तोंडानं त्या घरात जाऊ?

हितेश : तू मगाशीच का नाही बोललीस?

चेतना : कार्ड लिहिणाऱ्यानं मधे बोलायचं नसतं, असं जावेदकाकांनीच शिकवलंय.

जावेद : मी सोताबी तेच पाळाय बघत व्हतो. जमलं न्हाई, ती गोष्ट निराळी.

सुवालाल : बेटा, संयमला फोन लाव. म्हणावं, तुझे पप्पा विचारतायत, गुडघा कसा आहे. आणि बरा असेल तर पुढच्या रविवारी इकडं ये. कार्ड मात्र तू लिहायचं नाहीस म्हणावं, ते आता घरात दुसरं माणूस लिहील.

चेतना : लावते.

जावेद : चला, गोड झालं. ऊन लई चढलं. मी झेंडे काढाय घेतो, तुमी व्हा फुडं. पोहे गार व्हतील.

हितेश : सुवालालजी, पुण्याला निघायची घाई आहे का तुम्हाला?

सुवालाल : दोन तासांचा तर रस्ता. का?

हितेश : जावेद, झेंडे राहू दे. आणि तुझी स्टिक घेऊन ये.