दुसऱ्या बाजूचे हात

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या चर्चचे पास्टर रेव्हरंड टोबायस हेवर्ड, पूल ओलांडून मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे, शहरातल्या संग्रहालयाचे संचालक डॉ. व्हिटकर, ज्यांना आपण आज बळेबळे मधल्या खुर्चीत बसवलं आहे त्या आपल्या सत्कारमूर्ती मिस ओरेथा फ्रिप, आणि टॉमली बेटावरच्या माझ्या गीची बंधुभगिनींनो,

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. माझा जन्म शाळेची बस चालवण्यात गेला. बसमध्ये बोलायचं ते एवढंच, ‘खाली बस’ आणि ‘हात आत घे’. पण रेव्हरंड म्हणाले, “अल्बर्था, मिस ओरेथांचं कौतुक करायला विद्वान माणसं पुष्कळ आहेत. त्यांच्यावर अजून रागावलेलं माणूस या बेटावर एकच आहे.” रेव्हरंड, तुम्ही ते गमतीनं म्हणालात. मी गमतीनं घेतलं नाही, म्हणून इथे उभी आहे.

मिस ओरेथांचं कार्य पत्रिकेवर छापलेलं आहे, ते मी वाचून दाखवत नाही. या बेटावरून एक मुलगी गळ्यात कॅमेरा अडकवून निघाली. क्युबातल्या तंबाखूच्या गावांत गेली, ब्राझीलच्या किनाऱ्यावर गेली, होंडुरासला गेली, पार वर नोव्हा स्कोशियाच्या थंडीत गेली, आणि शेवटी समुद्रापलीकडे आफ्रिकेत, सिएरा लिओनला. आपल्या गीची लोकांचे पूर्वज तिथूनच गुलाम म्हणून जहाजाच्या तळाशी साखळदंडात आले. त्यांनी सोबत काय आणलं असेल? शिकलेली माणसं म्हणत होती, काहीच नाही, सगळं समुद्रात बुडालं. मिस ओरेथांनी वाद घातला नाही. त्यांनी आपल्या चर्चमधल्या सिस्टर मोझेलचा तांदूळ पाखडतानाचा फोटो काढला, आणि तिकडच्या एका बाईचा. दोन्ही सुपं, दोन्ही मनगटं शेजारी ठेवली. कुठली इथली आणि कुठली तिथली, हे सिस्टर मोझेलनासुद्धा सांगता येईना. अशा बाईचा सत्कार कोण करणार नाही? मीही करते आहे. पण सत्कार अर्धवट करू नये, असं मला वाटतं.

माझे वडील अब्राम मंगिन तुमच्यातल्या जुन्या माणसांना आठवत असतील. खाजणातून कालवं काढायचे. ते वारले तेव्हा माझी वॅश्टी अंगावर पिणारं बाळ होती, आणि तिच्यावर त्यांचा फार जीव. डॉ. व्हिटकरांसाठी सांगते, गेलेल्या माणसाचा ज्या लेकरावर जीव असतो, ते लेकरू आम्ही त्याच्या शवपेटीवरून या हातातून त्या हातात देतो. म्हणजे गेलेला माणूस त्याला मागे ओढत नाही. एका बाजूला मी होते आणि दुसऱ्या बाजूला माझा भाऊ एझेल. मिस ओरेथा न्यूयॉर्कहून सुट्टीला आल्या होत्या, त्याही होत्या. त्यांच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे कोण बघणार? इतर बायकांच्या डोक्यावर टोपी, तसा त्यांच्या गळ्यात कॅमेरा.

पुढे वॅश्टी पुलापलीकडच्या शाळेत जायला लागली. चौथीत असताना एके दुपारी ती माझ्याच बसमध्ये चढली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. रोज माझ्या पाठीमागे बसायची पोर. घरी गेल्यावर दप्तरातून एक चुरगळलेला कागद काढला. शहरातल्या प्रदर्शनाची जाहिरात होती. वर आमचा फोटो.

“आई, ही तू ना?”

“हो.”

“मुली म्हणाल्या, तुला मेलेल्याला देऊन टाकलं होतं.”

मी तो फोटो पाहिला. माझे ताणलेले हात, हातांतून सुटल्यासारखं बाळ, खाली पेटी, आणि पलीकडे नुसतं पांढरं आभाळ. दुसऱ्या बाजूला कोणीच नाही. खाली छापलं होतं, ‘अज्ञात स्त्री, दफनविधी, साउथ कॅरोलायना’. मिस ओरेथा मला पाळण्यात असल्यापासून ओळखत होत्या, आणि मी अज्ञात.

“अगं, पलीकडे एझेलमामा होता,” मी म्हटलं.

“मग दिसत का नाही?”

याला काय उत्तर द्यायचं, सांगा? एझेलनं स्वतः सांगितलं, माझ्या आईनं सांगितलं. पोरीचा विश्वास बसेना. आईच्या शब्दापेक्षा छापलेला फोटो खरा ठरला. ती दफनभूमीवरून चालेना, कोणी उचलून घेतलं तर अंग आखडून घ्यायची. जेवण तुटलं. तेव्हा मी एझेलला म्हटलं, “चर्चचे कपडे घाल. आपण शहरात जातोय.”

त्या दिवशी प्रदर्शनाचं उद्‌घाटन होतं. डॉ. व्हिटकर, तुम्ही तेव्हा शाळेत असाल आणि ते संग्रहालयही तुमचं नव्हे, तेव्हा निश्चिंत बसा. मोठं दालन, हातात पेले घेतलेली माणसं, हळू आवाजातलं हसणं. आणि समोरच्या भिंतीवर मी, दारापेक्षा उंच. वॅश्टीनं माझा हात घट्ट धरला. मी सरळ मिस ओरेथांसमोर गेले.

“मिस ओरेथा, हा खाली काढा.”

त्यांचा चेहरा उतरला. “अल्बर्था, इथे नको. बाजूला जाऊन बोलू.”

“फोटो बाजूला लावलाय का?”

“तू रागावलीयस, ते कळतंय मला. पण हा फोटो घेतल्याबद्दल मी माफी मागणार नाही. आपलं सगळं बुडालं म्हणतात ना? मग हा बघा म्हणावं, हे बुडालेलं नाही. दुसरं काही दाखवून त्यांची तोंडं बंद होत नाहीत गं.”

“तुमचं खरं असेल. पण त्यासाठी माझी पोर टांगायची? मला विचारलंत?”

मंडळी, खोटं कशाला बोलू, त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटत होतं. त्यामुळेच राग जास्त येत होता. आवाज चढले तसे पेले खाली आले. तिथले संचालक लगबगीनं आले आणि मिस ओरेथांना विचारू लागले, “या बाई कोण आहेत?” माझ्याच फोटोखाली उभी होते मी.

“त्याच आहेत,” मिस ओरेथा म्हणाल्या. “फोटोतल्या.”

संचालकांनी एकदा वर पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि दारातल्या दोन पहारेकऱ्यांना खूण केली. ते दोघे माझ्याकडे आले नाहीत, एझेलकडे आले. तो तर अजून एक शब्द बोलला नव्हता. त्याचे हात कोटाच्या खिशात होते. ते बाहेर काढावेत की आतच ठेवावेत, हे त्याला ठरवता येईना. काळ्या माणसाला दोन्हींत धोका होता. हे इथे बसलेल्या कुठल्याही आईला समजावून सांगावं लागणार नाही. त्याच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. एका पहारेकऱ्याचा हात कमरेच्या पिस्तुलाकडे गेला. मी मनात म्हणत होते, एझेल, हलू नकोस. देवा, याला हलू देऊ नकोस.

तेवढ्यात वॅश्टीनं माझा हात सोडला आणि ती मिस ओरेथांसमोर जाऊन उभी राहिली.

“माझ्या पलीकडे कोण होतं?”

मिस ओरेथा खाली बसल्या, तिच्या उंचीला आल्या. “तुझा एझेलमामा.”

“आईपण तेच म्हणते. मग दिसत का नाही?”

मी त्यांच्याकडे बघत होते. जागा नव्हती, उजेड नव्हता, कॅमेरा हलला, लहान मुलीला सांगण्यासारखं पुष्कळ होतं.

“मी त्याला बाहेर ठेवलं,” त्या म्हणाल्या.

“का?”

“तसा फोटो जास्त चांगला दिसत होता.”

सगळं दालन ऐकत होतं. वॅश्टी रडली नाही. तिनं फक्त मान हलवली, एखाद्या मोठ्या माणसासारखी. मग मिस ओरेथा उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि त्या चौकटीला त्यांनी हात घातला. ती चौकट एकटीनं उचलण्यासारखी नव्हती. एका बाजूनं निघाली आणि तिरकी झाली. एझेलनं तेव्हा खिशातून हात काढले, पहारेकऱ्यांना दिसतील असे पुढे धरले, सावकाश चालत गेला आणि त्यानं दुसरी बाजू धरली.

संचालक म्हणाले, “मिस फ्रिप, हा फोटो आमच्या मालकीचा आहे. आज हा खाली उतरला, तर कुठल्याही मोठ्या संग्रहालयात तुम्हाला भिंत मिळणार नाही, हे मी बघेन.”

“भिंत ठेवा तुमच्याकडेच,” त्या म्हणाल्या. दोघांनी तो फोटो जमिनीवर टेकवला, तोंड भिंतीकडे करून.

त्या गृहस्थांनी शब्द पाळला. पुढची कित्येक वर्षं मिस ओरेथांचा एकही फोटो मोठ्या जागी लागला नाही. पत्रिकेत तेवढी वर्षं कोरी आहेत. तुम्हाला वाटलं असेल, छापखान्याची चूक.

त्यानंतर त्या आमच्या घरी आल्या. मी त्यांना ओट्यावर चढू दिलं नाही. वॅश्टी पायऱ्या उतरून खाली गेली. मिस ओरेथांनी तिला त्याच दिवशीचा त्यापुढचा फोटो दाखवला. एझेलचे दोन्ही हात बाळाच्या काखेत, आणि बाळानं मामाचा टाय तोंडात घातलेला. हसतंय. वॅश्टी तो फोटो घेऊन तिथेच चिखलात बसली आणि बराच वेळ बघत राहिली. त्या रविवारी ती दफनभूमीवरून चालत चर्चला आली.

पण मिस ओरेथा जाताना तिला म्हणाल्या होत्या, “पहिल्या फोटोची निगेटिव्ह माझ्याकडे आहे. जगाला दाखवायचा की जाळायचा, तू ठरव. हवा तेवढा वेळ घे.”

मी ओट्यावरून ओरडले, “एवढ्याशा पोरीवर हे ओझं कशाला?”

“तिच्यावर मी ते आधीच टाकलंय, अल्बर्था. आता निदान विचारते तरी.”

पोरीनं वेळ घेतला. आजीला विचारलं, एझेलला विचारलं, मला विचारलं. मी म्हटलं, जाळ. पुढे ती माझ्या खांद्याला लागली, तेव्हा एकदा शाळेतून येताना म्हणाली, “आई, मिस ओरेथांच्या घरापाशी थांबव.” मी बस थांबवली, मुलं तशीच आत. मिस ओरेथा अंगणात कोळंबी सोलत होत्या.

वॅश्टी म्हणाली, “दोन्ही लावा. शेजारी शेजारी. खाली नावं घाला, आजोबांचं आधी. आणि यापुढे ज्याचा फोटो असेल त्याला आधी दाखवायचा. तो नाही म्हणाला तर नाही.”

“आणि फोटो फारच चांगला निघाला असेल तर?”

“मग तर नक्कीच विचारायचं.”

मिस ओरेथांनी हात पुसला आणि पुढे केला. हा करार झाला तेव्हा साक्षीला माझी बसभर मुलं होती. त्यांतली काही आज इथे पोरंबाळं घेऊन बसली आहेत.

मिस ओरेथांच्या फोटोंच्या जोड्यांबद्दल आता पुस्तकं लिहिली जातात, म्हणे. एक क्षण आणि त्याच्या पुढचा क्षण. कोणी त्याला दृष्टी म्हणतं, कोणी तत्त्वज्ञान. असेल. नोव्हा स्कोशियात एक म्हातारा कोळी ‘नको’ म्हणाला, तर या बाई हिवाळाभर तिथे राहून रिकाम्या हातानं परत आल्या. चिडल्याही होत्या, मला ठाऊक आहे, कारण त्या थेट माझ्याकडे येऊन चिडल्या. आपल्या या सभागृहातल्या फोटोंच्या खोलीत बेटावरचं एकही माणूस अज्ञात नाही. पुढे बेटावर परत येऊन ती खोली त्यांनी सांभाळली, आणि आज त्या निवृत्त होत आहेत.

वॅश्टी तिसऱ्या रांगेत बसली आहे. मला उभं करायचं नाही, असं तिनं घरून निघतानाच बजावलंय, म्हणून करत नाही.

आता रेव्हरंडांनी काढलेली रागाची गोष्ट. मिस ओरेथा, तो गेलेला नाही. त्या फोटोसमोर आजही तो उसळून येतो, आणि तुम्ही दाखवलेल्या दुसऱ्या फोटोनं तो पुरता विरत नाही. पण तुम्ही मला एकदाही म्हणाला नाहीत, की अल्बर्था, आता विसर. जेव्हा जेव्हा बेटावर आलात, तेव्हा माझ्या ओट्यापाशी येऊन उभ्या राहिलात. मी चढू दिलं नाही तेव्हा खाली उभं राहून बोललात. चढू दिलं तेव्हा माझ्या रागाशेजारी बसून माझ्या हातचं जेवलात. तसं बसणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही. त्या रागासकट, या सगळ्या बेटाच्या वतीनं, मी तुमचे मनापासून आभार मानते.

अध्यक्षांनी दिलेला वेळ मी केव्हाच ओलांडला आहे. ज्यांचं नाव घ्यायचं राहिलं, ज्यांना माझा शब्द लागला, त्यांनी बस चालवणाऱ्या बाईचं बोलणं म्हणून पोटात घालावं. डॉ. व्हिटकर, तुम्हीसुद्धा. मागच्या अंगणात लाल भात आणि खेकडे तयार आहेत. जेवल्याशिवाय कोणी पूल ओलांडू नये.