तुझा फोन मी उचलला

वाकू नकोस मास्तर — नको म्हणतो ना, पायाचं माप राहू दे, पँट आखूड झाली तर झाली, माझ्या घोट्यांकडे बघतंय कोण — तू आधी त्या स्टुलावर बस. बस रे. टाचण्या असू देत तोंडात, बरंच आहे, मला मध्ये तोडणार नाहीस. मशीन बंद आहे तोवर सांगून टाकतो, नाहीतर तू एकदा का पाय मारायला लागलास की — पाय मारायचा नाही आता, तेही नको. का नको? सांगतो. घाम मला नेहमीच येतो — खोटं, आत्ता आलाय. घाबरलोय मी. हसू नकोस.

सूनबाईने नवा कम्प्युटर घेतला आणि जुना माझ्या गळ्यात मारला, ते तुला ठाऊक आहे. मागच्या महिन्यात तू फोन दिलास माझ्याकडे, अक्षरं मोठी करून दे म्हणून. केली मोठी. पण जाता जाता आणखी एक केलं — कम्प्युटरच्या पडद्यावर एक चौकोन येतो, ठिपक्याठिपक्यांचा, त्याच्यासमोर तुझा फोन धरला, त्याने विचारलं जोडू का, मी म्हटलं जोड. झालं. तेव्हापासून तुझा फोन खाली तुझ्या खणात, दोऱ्यांच्या रिळांमध्ये, आणि वर माझ्या खोलीत बसून त्याच्यावरून बोलतोय मी. मधे फक्त या फळ्या, एवढ्या अंतरावर चालतं ते. तुला आलेला मेसेज मला दिसतो, मी लिहिलेला तुझ्या नावाने जातो. सातवी नापास माणूस, पण हे मात्र पहिल्या फटक्यात जमलं. हेडमास्तरांना 'पँट तयार आहे, निम्मे तुम्ही मावाल, उरलेल्या निम्म्याचं नंतर बघू' — तो मी. बँकेतल्या बाईंना 'ब्लाउजला चुकून तीन बाह्या झाल्या, चालेल का' — तोही मीच. ती माणसं भांडायला आली, तू बिचारा शपथा घेत होतास, आणि मी वर जमिनीवर आडवा पडून, फळीला कान लावून, तोंडात टॉवेल कोंबून हसत होतो. उठताना गुडघे धरले. करमत नाही रे. दिवसभर खालून तुझं मशीन ऐकायचं, ते थांबलं की घड्याळ बघायचं, एवढाच उद्योग — हे कशाला सांगतोय मी.

तर आज. अकरा वाजून दहा मिनिटं. तू मशीनवर, खणातला फोन तुला कुठला ऐकू येणार — माझ्या पडद्यावर मात्र आला. एक हिरवं बटण, एक लाल. मी हिरवं दाबलं. कुणी बाई होती, दवाखान्यातून बोलतेय म्हणाली, टेलर मास्तर का? मी तुझा आवाज काढला, तो नाकातला — 'बोला, बोला, मीच तो.' मला वाटलं, दाताबिताचं असेल. तर ती म्हणते, छातीच्या तपासणीचा रिपोर्ट आलाय, मोठे डॉक्टर बघायच्या आधी तीन प्रश्न विचारायचेत. जिना चढताना दम लागतो का? मी म्हटलं, बाई, मी जिना चढत नाही, उडी मारतो. छातीवर दाब येतो का? म्हटलं, जाड्या गिऱ्हाइकाने मिठी मारली तरच. ती हसली रे, आणि मला आणखी चेव आला. थांबायला हवं होतं, कळतही होतं — पण समोरचं माणूस हसलं की माझी जीभ माझ्या ताब्यात राहत नाही. डाव्या हातात कळ येते का? म्हटलं, दोन्ही हात कात्रीसारखे चालतात. मग ती म्हणाली, काही होत असतं तर आजच बोलावलं असतं, आता पुढच्या महिन्यात अठरा तारखेला या. मी फोन ठेवला. हसत ठेवला.

मग म्हटलं, ताईची थोडी मजा करू — तुझ्याच ताईची, दुसऱ्या कुणाची — 'लग्न ठरलंय, कोट मीच शिवतोय' असं काहीतरी. मेसेज उघडले तर कालचा तुझा. वाचायला नको होता. वाचला. 'ताई, आठ पायऱ्या चढलो की छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होतं, डावा हात बधिर पडतो. कुणाला बोललो नाही. वरच्याला तर नाहीच, तो थट्टा करेल.' वरचा म्हणजे मी. आणि त्याच्याखाली — 'गेलो होतो डोक्यासाठी, मीच पाठवलेले मेसेज मला आठवत नाहीत म्हणून. तिथे त्यांनी छातीही तपासली.' मास्तर, डोकं ठणठणीत आहे तुझं. ते मेसेज माझे होते. एवढी एकच चांगली बातमी आहे माझ्याकडे.

लगेच परत लावला दवाखान्यात, या वेळी माझ्या आवाजात. म्हटलं, मघाशी बोलला तो मास्तर नव्हे, तो मी होतो — तर ती म्हणते, म्हणजे आत्ता नक्की कोण बोलतंय? मी परत पहिल्यापासून सांगायला लागलो. तिने दुसऱ्या बाईला दिला, ती कडक. म्हणाली, खरंच त्रास होत असेल तर पेशंटला पाच वाजायच्या आत घेऊन या, एकटं पाठवू नका, जिना चढू देऊ नका, आणि चेष्टा करत असाल तर फोन ठेवा. हे साडेअकराला. आता चार वाजलेत. इतका वेळ काय करत होतो? तीनदा खाली उतरलो, तीनदा दारातून परत वर गेलो. तुझं मशीन मिनिटभर थांबलं की मी फळीला कान लावायचो, सुरू झालं की वाटायचं, आणखी थोड्या वेळाने सांगू. शेवटी हे कापड घेऊन आलो. मला कशाला हवी पँट.

हसतोस अजून? हसणारच, माझं खरं मानायची सवय कुणाला आहे — मीच लावली नाही. खण उघड. फोन काढ. आलेले कॉल बघ, आजचे. अकरा दहा, पाच मिनिटं. कुणाशी बोललास तू अकरा दहाला? त्याच्या वर बघ, साडेअकरा, तोच नंबर, तुझ्या फोनवरून केलेला. आता तो नंबर लाव तूच, तुझ्या आवाजात, आणि ते तीन प्रश्न परत विचारायला सांग.

मास्तर. टाचण्या काढ, गिळशील. शिवी घाल मला. उठतोस कुठे — सावकाश. कुलूप मी लावतो. नको? बरं, तू लाव. काय? — ऐकलं. तोंड नाही दाखवत. पण एकटं पाठवू नका म्हणालीय ती, म्हणून येतो — तुझ्याबरोबर नाही, मागून. दहा पावलं मागून. वळून बघू नकोस, कोण येतंय मागून ते विचारू नकोस, दवाखाना गल्लीच्या टोकाला आहे, मी दाराबाहेर उभा राहीन. फक्त इतका भरभर चालू नकोस रे. राग नंतर काढ. हळू. अजून हळू — थांबलास का? माझ्यासाठी थांबलास ना?

मास्तर?