आकेबी खाली उतरली नाही

योहेई : …आणि रविवारी गायींचं प्रदर्शन आणि सभा आटोपली की तिथंच जेवण. मांस भाजायला शेगड्या आपल्या गायवाल्यांच्या संघाच्या, भात ज्याचा त्यानं आणायचा. लहान पोरांची वासरं धरून चालायची शर्यतही ठेवलीय. बातमीपत्र छापायला गेलंसुद्धा. वहिनी, बसा हो जरा इथं कुरणाच्या फाटकाशी. धुकं हटेपर्यंत काही दिसायचं नाही.

सुए : दिसायला कशाला हवं? ऐकू येईल की.

योहेई : काल गावाच्या सगळ्या गायी वासरांसकट कुरणावरून उतरल्या. तुमच्या आकेबीलाच काय झालं कोण जाणे.

सुए : दर वर्षी फाटकाशी सगळ्यांच्या आधी ती उभी असायची.

योहेई : म्हातारी झालीय. वाट चुकली असेल. नाहीतर…

सुए : बोला की. नाहीतर अस्वल.

योहेई : माझ्यावर नाही का वेळ आली? ऑगस्टात गाय घळीत पडून मेली, आणि तिची कालवड अस्वलानं नेली.

सुए : नेताना कुणी पाहिलं?

योहेई : पाहिलं नाही. पण एवढंसं पोर, आईविना रानात जगतंय होय? मी शोधायचंही सोडून दिलं.

सुए : चहा घ्या. आणि हा भाताचा गोळा. आत खारवलेलं आलुबुखार आहे, तुम्हाला आवडतं तसं.

योहेई : दादालाही आवडायचं.

सुए : ह्यांना आवडायचं नाही. बी थुंकावी लागते म्हणून कुरकुरायचे. तुमच्यासमोर मुकाट खायचे, इतकंच.

योहेई : काय सांगता! एवढी वर्षं मला वाटलं…

सुए : धुक्यात बसलं ना भावोजी, की वाटतं ते तिथंच असतील. त्या भूर्जाच्या झाडापलीकडं, कुंपणाच्या तारेला टेकून. टोपी मागं सरकवून डोकं खाजवत असतील. धुकं नसलं की मग नसतात.

योहेई : वहिनी…

सुए : रडत नाहीये मी. मला गायींचं वाईट वाटतं. मे महिन्यात त्या वर आल्या तेव्हा ह्यांनीच एकेकीच्या पाठीवर थाप मारून त्यांना आत सोडलं. जूनमध्ये हे गेले. त्यांना काय ठाऊक! काल उतरल्या, तर फाटकाशी मी. एकेक माझ्याकडं बघायची, आणि माझ्या मागं बघायची.

योहेई : म्हणून तर म्हणतो, हा व्याप तुम्हाला झेपायचा नाही. आता बर्फ पडेल. गवताचे गठ्ठे कोण उचलणार? मंगळवारच्या बाजारात दादाच्या गायी विकायला निघताहेत, असं मी बातमीपत्रात घालून टाकलंय.

सुए : कुणाला विचारून?

योहेई : विचारायचं काय? घरचाच माणूस मी, त्यात संघाचा चिटणीस.

सुए : आकेबीसुद्धा?

योहेई : तिला तर… तिचं आता वय झालं. कसाईच घेईल ना तिला.

सुए : सभेला हे जायचे, गोठ्यात मी असायची. संघाची टोपी घरात एकच आली, म्हणून सभासदही एकच धरला तुम्ही?

योहेई : नियमच आहे, घरटी एक नाव.

सुए : मग माझं लिहा.

योहेई : तुमचं? आखूडशिंगी गायींच्या संघात बाईचं नाव कधी… म्हणजे नियमात मनाई नाही. पण आजवर कुणी मागितलंच नाही.

सुए : मी मागतेय.

योहेई : अहो, पण गायी दादाच्या हाकेला येतात! काल तुम्ही हाक मारलीच नाहीत, बघत होतो मी. सगळा वेळ मीच ओरडत होतो.

सुए : ह्यांची हाक माझ्या तोंडी कशी बसणार?

योहेई : थांबा, मीच घालतो. बेऽऽ! बेऽऽ बेऽऽ!

सुए : लिलाव पुकारताय का? जवळ असेल तीसुद्धा पळेल.

योहेई : मग घाला तुम्ही.

सुए : ह्यांच्यासारखी नाही येणार. गोठ्यात मी बोलते, तशीच बोलेन.

(सुए धुक्याकडं तोंड करून, अंगाई म्हणावी तशी, हलक्या आवाजात लांबलचक हाक घालते.)

योहेई : वहिनी… काटकी मोडली.

सुए : श्श.

योहेई : काहीतरी लाल दिसतंय. आली! आकेबीच ती!

सुए : धावू नका. बघा, थांबली. मागं वळून बघतेय.

योहेई : वासराची वाट बघत असेल. ते बघा, आलंच. सुखरूप आहे की!

सुए : तरी ती मागंच बघतेय.

योहेई : आता आणखी कोण… वहिनी, दुसरं वासरू आहे. लंगडतंय. कुणाचं असेल? थांबा, कानातला बिल्ला बघू दे… अहो, हा माझा बिल्ला! माझी कालवड आहे ही! घळीतल्या गायीची!

सुए : हळू. भिववू नका तिला.

योहेई : हिनं पाजलं तिला? स्वतःचं पोर असून?

सुए : ते बघा, आत्ताही पाजतेय. एकीकडं तिचं, एकीकडं तुमचं. म्हणून काल उतरली नाही. कालवडीला कळपाबरोबर चालवलं नसतं. तिला टाकून ही कशी येणार?

योहेई : आणि मी शोधायचं सोडून दिलं होतं.

सुए : भावोजी, नाक पुसा. हा घ्या रुमाल.

योहेई : धुकं गेलं डोळ्यांत.

सुए : असेल. धुकं फार आहे आज.

योहेई : वहिनी, मंगळवारचं मी खोडतो. छापखान्यात फोन करतो. जिनं माझी कालवड वाढवली, तिला कसायाच्या दारात…

सुए : त्यासाठी नको.

योहेई : म्हणजे?

सुए : तिनं तुमच्यावर उपकार केले म्हणून खोडू नका. उद्या दुसऱ्या गायीनं नाही केले, तर? गायी माझ्या आहेत आणि मी नको म्हणतेय, म्हणून खोडा.

योहेई : …बरं. तुम्ही नको म्हणताय, म्हणून खोडतो.

सुए : आणि नाव?

योहेई : रविवारी सभेत मीच मांडतो. दोन-चार म्हातारे कुरकुरतील.

सुए : कुरकुरू देत. जेवण वाढलं की गप्प बसतील.

योहेई : कालवडीला थंडीभर तुमच्या गोठ्यात ठेवाल का? आकेबीपासून तोडायला जीव होत नाही. गवताचे गठ्ठे उचलायला मी येत जाईन.

सुए : या. पण आधी विचारून या.

योहेई : विचारून येईन. आता खाली गाडी आणायला सांगू? तिचा पाय…

सुए : गाडी इथवर कशी चढणार? चालेल ती. जरा जरा थांबत चालेल.

योहेई : मग पुढं कोण होतंय? तुम्ही, की मी?

सुए : कालवडीला होऊ दे पुढं. ती चालेल तसं आपण सगळे चालू.