डावीकडचा खांब

(दुपार. एक छोटा संगीत महोत्सव. धाकटा भाऊ प्रेक्षकांच्या मागे मिक्सरवर एकटा. त्याची ताई स्टेजच्या उजव्या कडेला. दोघांच्या कानाला हेडसेट.)

धाकटा: ...नाही ताई, गायिकेचा घसा ठणठणीत आहे. डाव्या खांबावरची स्पीकरची पेटीच बिनसलीय. आवाज लोकांच्या डोक्यावरून जातोय.

ताई: तुला सकाळपासून काही ना काही ऐकू येतंच आहे. लोक माना डोलावतायत, ते बघ की.

धाकटा: मगाशी गाणं अंगावर येत होतं. आता झाडांकडे चाललंय. तिथून खांब दिसतो का?

ताई: मधे पडदा आहे. तुला नाही दिसत?

धाकटा: समोरून सरळच दिसतो. मागे कलला असेल तर इथून कळणार नाही. वारा वाढलाय.

ताई: अरे, तू स्वतः बांधलास ना? हलवून बघितलास.

धाकटा: बघितला. पिवळ्या पट्ट्याने स्टेजच्या लोखंडाला आवळलाय.

ताई: पिवळ्या?

धाकटा: का गं?

ताई: तो तर तुझ्या डोक्यावर आहे. मिक्सरवरचं छत उडायला लागलं तेव्हा तूच म्हणालास, कुठूनतरी एक पट्टा आण. समोर दिसला तो सोडून आणला मी.

धाकटा: ...हातात दिलास आणि मी बांधला. मान वर करून बघितलंसुद्धा नाही. गाडीतला असेल म्हटलं.

ताई: हाताखाली एक माणूस घे म्हणून घसा कोरडा केला मी. पण नाही, साहेबांना सगळं एकट्याने करायचं.

धाकटा: नंतर हवं तेवढं बोल. बाबा कुठे आहेत?

ताई: डावीकडेच. खांबाजवळच्या खालच्या पेटीवर हात ठेवून बसलेत. कानाला ऐकू येत नाही, तर हाताला तरी कळू दे म्हणाले.

धाकटा: खांबाच्या पुढे ना?

ताई: पुढे. मीच बसवलं.

धाकटा: पुढे आहेत तोवर ठीक. तू जा, त्यांना तिथून लांब ने. पळू नकोस, लोक बिथरतील.

ताई: तू आधी आवाज बंद कर ना.

धाकटा: नको. सगळा जन्म साउंडमध्ये गेलाय त्यांचा. हाताखालची पेटी गप्प झाली की बाबा काय करतात?

ताई: ...मागे जाऊन वायर बघतात.

धाकटा: घरचा रेडिओ बंद पडला तरी तेच. म्हणून गाणं चालू राहू दे. गाणं आहे तोवर ते हलणार नाहीत.

ताई: निघाले मी.

धाकटा: खांबामागे कोणी उभं आहे?

ताई: थांब, पडद्याबाहेर येते... नाही, कोणी नाही. अगं बाई, केवढा कललाय. वरची वायर नुसती ताणली गेलीय.

धाकटा: दोन्ही पेट्यांना तीच एक वायर आहे, ताई. बाबा?

ताई: बसलेत. डोळे मिटून, हात पेटीवर. किती खुशीत आहेत.

धाकटा: जवळ जाऊन खांद्याला हात लाव.

ताई: मधे माणसं आहेत. सरका हो जरा, वाट द्या. वडील आहेत माझे तिथे. जरा सरका... अरे, डावी बाजू का बंद केलीस? बाबा उठले. मागे चाललेत.

धाकटा: ताई, मी हातसुद्धा लावला नाही.