पाय घसरल्याचं ठरलं होतं

एक्स-रेच्या रांगेत सुजलेला अंगठा सांभाळत सुतार बसला होता. त्याच्या शेजारी सासू-सून येऊन टेकल्या. सुनेचं मनगट झोळीत, दोघींचे बूट चिखलाने माखलेले.

“कुणी विचारलं तर बाथरूममध्ये पाय घसरला म्हणायचं. तुझ्या सासऱ्यांना कळलं तर सायकल भंगारात जाईल.”

“हो, आई.”

“गेल्या वर्षी हाच डोंगर सायकल हातात धरून उतरायचीस. आज दगडांच्या वळणावरसुद्धा ब्रेक दाबला नाहीस. आणि शर्यत संपल्यावर पडलीस?”

“तुम्हीच ओरडलात ना, ‘हात वर कर’ म्हणून!”

“एक कर म्हटलं होतं. दोन्ही कशाला सोडलेस?”

“पहिलीच शर्यत हो. भानच राहिलं नाही.”

“हळू बोल!”

तेवढ्यात नर्स आली. “मनगटाला काय झालं?”

“बाथरूममध्ये पाय घस...”

“काहीतरीच काय!” सासूबाई ताडकन उठल्या. “बाथरूममध्ये कोण पडतंय? सायकलवरून अख्खा डोंगर उतरून पहिली आलीय माझी सून! पहिली!”

सुताराने जोरात टाळी वाजवली, आणि मग त्याला अंगठा आठवला.